आनंदाने दिलेल्या दानाचे ऋण

ज्याने दिले त्याने ते आनंदाने दिले असेल, तर घेणाऱ्यावर ऋण उरते काय? प्रश्न वरवर सोपा वाटतो. बाजारातील व्यवहारात वस्तूचे मोल चुकते केले की देणे संपते, आणि ते चुकते केले नाही तर सावकार दारात उभा राहतो. पण जेथे देणाऱ्याने काही मागितलेच नाही, हिशेबाची वही उघडलीच नाही, उलट देण्यातच आपले समाधान मानले, तेथे घेणाऱ्याने काय करावे? बहुधा आपण अशा व्यक्तीच्या त्यागाची स्तुती करतो आणि मोकळे होतो. ही स्तुती ऋण फेडते की बुडवते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी आम्ही ग्रीस देशातून अमेरिकेत गेलेल्या एका डॉक्टरांचे चरित्र निवडले आहे. या डॉक्टरांच्या नावाचा पूर्वार्ध आज जगभरच्या रुग्णालयांत रोज उच्चारला जातो. नावाचा उत्तरार्ध फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि त्यांच्या शेजारी आयुष्यभर उभ्या राहिलेल्या स्त्रीचे नाव त्याहूनही थोड्यांना.

जॉर्ज पापानिकोलाऊ यांचा जन्म १३ मे १८८३ रोजी ग्रीसमधील युबिया बेटावर कीमी या किनाऱ्याजवळच्या गावी झाला. ग्रीक आडनावांत आरंभी ‘पापा’ आले की त्या घराण्याच्या मूळ पुरुषांत कोणी धर्मगुरू होता असे समजावे. पूर्वेकडील ख्रिस्तसभेत विवाहित पुरुषांनाही धर्मगुरुपदाची दीक्षा मिळते. जॉर्ज यांचे वडील निकोलास मात्र डॉक्टर होते आणि मुलानेही गावातच दवाखाना चालवावा अशी त्यांची साहजिक इच्छा होती. मुलाने अथेन्स विद्यापीठातून १९०४ साली वैद्यकाची पदवी घेतली, लष्करी सेवा पूर्ण केली आणि गावाजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत काही काळ रुग्णांची सेवाही केली. पण त्याचे मन रमले नाही. रोग्याला बरे करण्यापेक्षा जीवसृष्टीचे नियम शोधण्याची ओढ अधिक होती. वडिलांच्या मनाविरुद्ध तो जर्मनीला गेला. येना येथे हेकेल आणि फ्रायबुर्ग येथे वाइझमान या त्या काळच्या नामवंत शास्त्रज्ञांकडे शिकून त्याने १९१० साली म्युनिक येथे प्राणिशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता पाण्यातील एका सूक्ष्म कवचधारी जीवातील नर-मादी भेदाची कारणे. गावच्या लोकांना हा उद्योग किती निरुपयोगी वाटला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्याच वर्षी त्यांचा विवाह अँड्रोमाकी मावरोयेनी यांच्याशी झाला. १८२१ च्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात आपली संपत्ती देशासाठी उधळणाऱ्या मान्तो मावरोयेनूस या वीरांगनेच्या घराण्याशी त्यांचे नाते सांगितले जाते. नवविवाहित दांपत्य प्रथम मोनाको येथे गेले. तेथील सागरविज्ञान संस्थेत पापानिकोलाऊ यांनी काही काळ काम केले. १९१२ साली बाल्कन युद्ध पेटले आणि ते मायदेशाच्या सैन्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. लढण्यासाठी अमेरिकेतून परतलेले ग्रीक स्वयंसेवक तेथे त्यांना भेटले, आणि त्यांच्या तोंडून नव्या जगातील संधींची वर्णने ऐकून त्यांच्या मनाने उचल खाल्ली.

१९ ऑक्टोबर १९१३ रोजी हे पतिपत्नी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले. प्रवेशासाठी आवश्यक असलेले अडीचशे डॉलर तेवढे हाती होते. दोघांनाही इंग्रजी येत नव्हते आणि त्या शहरात हक्काचे असे कोणी नव्हते. दुसऱ्या देशाच्या विमानतळावर उतरून पहिली रात्र ज्यांनी मोजत काढली आहे, त्यांना आपल्या कुटुंबांतही या अवस्थेचे वर्णन करून सांगावे लागणार नाही. अँड्रोमाकीबाईंनी एका मोठ्या दुकानात आठवड्याला पाच डॉलरवर बटणे शिवण्याचे काम धरले. त्याच दुकानात गालिचे विकण्याचे काम त्यांच्या पतीला मिळाले. पण डॉक्टरेट मिळवलेला हा विक्रेता एक दिवसच टिकला. पुढे त्यांनी उपाहारगृहांत व्हायोलिन वाजवले, एका ग्रीक वृत्तपत्राच्या कचेरीत कारकुनी केली. अखेर जनुकशास्त्रज्ञ टॉमस हंट मॉर्गन यांना त्यांचा म्युनिकचा प्रबंध ठाऊक होता, त्यांच्या शिफारशीने रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे दार उघडले, आणि १९१४ साली कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात प्राध्यापक चार्ल्स स्टॉकार्ड यांच्या हाताखाली त्यांना काम मिळाले. जवळपास अर्धे शतक ते त्याच संस्थेत राहिले आणि तेथेच प्राध्यापक झाले. अँड्रोमाकीबाईही तेथे आल्या. प्रयोगशाळेतील त्यांचे स्थान विनावेतन सहायिकेचे होते.

विभागात गिनिपिग या प्राण्यांवर प्रयोग चालत. पापानिकोलाऊ यांना अंड्याची ठरावीक अवस्था नेमक्या वेळी हवी होती. पण मादीच्या शरीरातील चक्र बाहेरून मुळीच दिसत नसे, म्हणून आंधळेपणाने प्राणी मारावे लागत. त्यांनी माणसाचे नाक तपासण्याचे एक छोटे उपकरण विकत आणले आणि त्याच्या साहाय्याने मादीच्या योनिमार्गातील स्राव रोज घेऊन काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागले. त्या थेंबभर स्रावातील पेशी दिवसागणिक रूप पालटत होत्या. सुमारे सोळा दिवसांचे एक संपूर्ण चक्र त्यांत लिहिलेले होते. १९१७ साली स्टॉकार्ड यांच्यासह त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला.

साहजिकच पुढला प्रश्न पडला. प्राण्यात जे दिसते ते स्त्रीच्या शरीरात दिसेल काय? त्यासाठी एकाच निरोगी स्त्रीची रोजची तपासणी वर्षानुवर्षे हवी होती. त्या काळच्या समाजात, अनोळखी शहरात, अशी स्त्री कोठून मिळणार? ती घरातच मिळाली. अँड्रोमाकीबाई दररोज स्वतःची तपासणी करून घेऊ लागल्या, आणि हा क्रम सुमारे एकवीस वर्षे चालला. दिवसा त्याच स्त्रीने काचपट्ट्या रंगवायच्या, नोंदी ठेवायच्या, संध्याकाळी घर सांभाळायचे, पतीच्या कामाच्या वेळांप्रमाणे घराच्या वेळा जुळवायच्या. सुट्टी अशी त्या घराने क्वचितच पाहिली. त्यांना अपत्य नव्हते. पतीच्या मागोमाग प्रयोगशाळेत जाण्यावाचून आपल्यापुढे दुसरा मार्गच नव्हता, त्याचे जीवन तेच आपले जीवन झाले, अशा आशयाचे उद्गार त्यांच्या नावे नोंदलेले आहेत.

निरोगी स्त्रीच्या पेशींचे रूप पक्के ठाऊक झाले म्हणूनच रोगी पेशी ओळखता आल्या. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात न्यूयॉर्कच्या स्त्री-रुग्णालयातील रुग्णांचे स्राव तपासताना पापानिकोलाऊ यांना काही काचपट्ट्यांवर वेड्यावाकड्या, फुगलेल्या केंद्रकाच्या पेशी दिसल्या. त्या स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होता. जानेवारी १९२८ मध्ये मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे एका परिषदेत त्यांनी हे निरीक्षण मांडले, पण कोणी फारसे लक्ष दिले नाही. मांसाचा तुकडा काढून तपासता येत असताना सुट्या पेशींवर कोण विसंबणार, असा तज्ज्ञांचा रोख होता. त्याच सुमारास रुमानियात ऑरेल बाबेश हे डॉक्टर स्वतंत्रपणे जवळजवळ याच निष्कर्षाला पोहोचले होते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पापानिकोलाऊ आपल्या गिनिपिगांकडे परतले. दहा-अकरा वर्षांनी स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राऊट यांच्या सहकार्याने काम पुन्हा सुरू झाले. १९४१ मध्ये त्यांचा शोधनिबंध आणि १९४३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि मग जगाने ऐकले. या चाचणीचे खरे सामर्थ्य असे की रोग होण्याच्या आधीची अवस्थाही ती दाखवू लागली. जेथे ती सर्व स्त्रियांपर्यंत नियमाने पोहोचली त्या अमेरिकेत या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण पुढील दशकांत सत्तर टक्क्यांहून अधिक उतरले.

१९५० साली पापानिकोलाऊ यांना लास्कर पारितोषिक लाभले. नोबेल पारितोषिकासाठी नाव पुढे गेले, पण ते मिळाले नाही. १९६१ च्या अखेरीस ते मायामी येथे एका कर्करोग संस्थेची धुरा सांभाळण्यास गेले आणि काही महिन्यांतच, १९ फेब्रुवारी १९६२ रोजी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. १९९५ साली ग्रीसने दहा हजार द्राख्माच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. चाचणीला त्यांच्या नावाचे पहिले अक्षरयुग्म मिळाले: पॅप. अँड्रोमाकीबाई पतीच्या पश्चात त्याच संस्थेच्या कामात राहिल्या आणि १९८२ साली वारल्या.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या स्त्रीचे कोणावर काही देणे आहे काय?

पहिले उत्तर लगेच सुचते. पतिपत्नी एकजीव असतात, त्यांच्यात हिशेब कसला? हे उत्तर तुच्छ नाही. ज्या संसारात रोज उठून तुझे किती आणि माझे किती हे मोजले जाते, तो संसार भागीदारीतल्या दुकानासारखा होतो. पतीने पत्नीचे ऋण कसे मानले, हा त्या दोघांमधला विषय होता आणि त्यात डोकावण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु या उत्तराने आपली सुटका होत नाही. त्या विवाहात आपण नव्हतो. त्यांचे प्रेम त्यांच्यातला हिशेब पुसून टाकू शकेल, पण ज्या लक्षावधी कुटुंबांतील आई, बहीण, पत्नी त्या चाचणीमुळे वाचली, त्यांच्यावरचे ऋण ते प्रेम कसे पुसणार?

दुसरे उत्तर असे, की त्यांनी सारे स्वखुशीने केले, त्यांची तक्रार नव्हती, मग आपण कोण उकरून काढणारे? येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. देणारा आपला हक्क सोडू शकतो, हे खरे. सावकाराने कर्ज माफ केले की न्यायालयात दावा चालत नाही. पण हक्क सोडणे हे देणाऱ्याचे कृत्य आहे, कृतज्ञता हे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे. एकाच्या कृत्याने दुसऱ्याचे कर्तव्य संपत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात कायद्याचे ऋण आणि कृतज्ञतेचे ऋण यांत भेद केला आहे. कायद्याचे ऋण फेडले की संपते. कृतज्ञतेचे ऋण प्रेमातून उपजते, म्हणून ते जितके फेडावे तितके वाढते. यावरून आम्ही असा निष्कर्ष काढतो की देणाऱ्याने जितक्या मोकळेपणाने दिले, तितके घेणाऱ्याचे ऋण जड असते. आनंदाने दिलेले दान देणाऱ्याच्या थोरवीचा पुरावा आहे. घेणाऱ्याच्या सुटकेचा तो दाखला नव्हे.

अक्वायनस पुढे कृतज्ञतेच्या तीन पायऱ्या सांगतात. प्रथम, आपल्याला काही मिळाले आहे हे ओळखणे. मग ते मुखाने बोलून आभार मानणे. आणि अखेर योग्य वेळी, आपल्या ऐपतीप्रमाणे परतफेड करणे. कृतघ्नतेच्याही तीनच पायऱ्या आहेत, मात्र उलट क्रमाने. परतफेड न करणे ही पहिली. मिळाल्याचे बोलूनही न दाखवणे ही त्याहून वाईट. आणि काही मिळाले आहे हे ध्यानातच नसणे ही सर्वांत हीन. विसरभोळेपणाला आपण निरुपद्रवी समजतो. या तत्त्ववेत्त्याने त्याला कृतघ्नतेच्या तळाशी बसवले आहे.

या मापाने पाहिले तर त्यागाची स्तुती कोठे बसते? वरकरणी ती दुसऱ्या पायरीवर आहे; निदान आभार तरी मानले जातात. पण नीट पाहिल्यास तिच्यात एक धोका दडलेला असतो. आज जे दान म्हणून मिळाले, त्याची स्तुती होता होता उद्या त्याची सवय होते, परवा त्याची रीत पडते, आणि तेरवा जी ते देत नाही ती स्त्री स्वार्थी ठरते. ज्या क्षणी घेणारा दुसऱ्याच्या त्यागावर हक्क सांगू लागतो, त्या क्षणी त्याग उरत नाही, वसुली सुरू होते. त्याग निवडण्याचा अधिकार फक्त करणाऱ्याला आहे. ज्याला त्याचा लाभ होणार आहे त्याने दुसऱ्याला त्यागाचा उपदेश करणे हे नीतीच्या भाषेत अपहरणच म्हटले पाहिजे.

अँड्रोमाकीबाईंनी निदान स्वतः निवडले. सगळ्यांच्या वाट्याला निवडही येत नाही, आणि याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. पॅप चाचणीला काचपट्ट्या वाचणारे कुशल तज्ज्ञ, प्रयोगशाळा आणि स्त्रीने पुन्हा पुन्हा येण्याची सोय लागते. गरीब ग्रामीण भागात ती नसते. स्वस्त व सोपा मार्ग कोणता, हे शोधण्यासाठी १९९९ पासून सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील गावांत एक मोठा अभ्यास केला. तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट करण्यात आले. तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या मिळाल्या. एका गटाला पॅप, दुसऱ्याला सौम्य अॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची, तिसऱ्याला या रोगाला कारण होणाऱ्या विषाणूची. चौथ्या गटाला रोगाची माहिती देण्यात आली, पण तपासणी दिली गेली नाही, कारण तुलनेसाठी तसा गट हवा होता. आठ वर्षांनंतरचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या होत्या. तपासणी न झालेल्या, आकाराने थोड्या लहानच असलेल्या गटात ६४.

असाच आणखी एक अभ्यास टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांत केला. त्याच वस्त्यांशी परिचित अशा, थोडे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी आम्ल लावून तपासणी केली. रोगट भाग मिनिटभरात पांढरा पडतो, एवढेच या युक्तीचे मर्म. बारा वर्षांत तपासलेल्या गटातील मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी असल्याचे आढळले. तेथेही दुसऱ्या गटाला तपासणी मिळाली नव्हती. या अभ्यासांवर पुढे कठोर आक्षेप घेतले गेले. उपाय ठाऊक असताना काही स्त्रियांना तो नाकारणे योग्य होते काय, असे टीकाकारांनी विचारले. त्या भागांत तपासणीची कोणतीही सोय मुळातच नव्हती, आम्ही कोणाचे काही काढून घेतले नाही, असे संशोधकांचे उत्तर होते. दोन्ही बाजूंना सद्हेतूची माणसे आहेत आणि हा वाद येथे मिटवण्याचा आमचा अधिकार नाही. एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंना मान्य करावी लागेल. त्या चौसष्ट स्त्रियांच्या मृत्यूतून आपल्याला ज्ञान मिळाले. अँड्रोमाकीबाईंसारखा त्यांनी मार्ग निवडला नव्हता. दारिद्र्याने त्यांच्या वाट्याला ते स्थान आणले. त्यांची नावे आपल्याला कधी कळणार नाहीत. पण ऋणाला नाव लागतेच असे नाही.

मग या ऋणाची परतफेड कोणती? पुतळा नव्हे, नोटेवरचे चित्रही नव्हे. ज्या हेतूने दान दिले गेले तो हेतू सफल करणे हीच परतफेड. येथे आपली परिस्थिती पाहून मान खाली जाते. २०१६ साली शासनाने तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी असे धोरण आखले. त्यानंतर २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधीतरी ही तपासणी करून घेतल्याचे दिसले. शंभरात दोघीही नाहीत. २०२० साली भारतात या रोगाचे सुमारे १ लाख २३ हजार नवे रुग्ण आणि ७७ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. विषाणूचा संसर्ग टिकून राहिल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे किंवा अधिक काळ जातो. एवढा वेळ देणारा कर्करोग विरळा. तरीही आपल्या स्त्रिया वेळ निघून गेल्यावरच रुग्णालयात पोहोचतात.

का पोहोचतात? सोयी अपुऱ्या आहेत हे खरे. पण जेथे रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे, शिबिर शाळेच्या पटांगणात भरते, तेथेही जागा रिकाम्या राहतात. काही संकोच असतो. तो समजण्याजोगा आहे आणि प्रेमाने दूर करण्याजोगाही. संकोचाहून मोठे कारण मात्र आपल्या घरांच्या रचनेत आहे. ही तपासणी दुखणे नसताना करावयाची असते. दुखणे नसताना एक संपूर्ण सकाळ केवळ स्वतःसाठी खर्च करणे, हे आपल्याकडच्या गृहिणीला चैनीसारखे वाटते. मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचे औषध, बागेचे पाणी, पाहुणे, लग्नसराई, सण. प्रत्येक गोष्ट तिच्या आधी येते. आणि तिने स्वतःला शेवटी ठेवले की आपण तिचे कौतुक करतो. अंत्यविधीच्या दिवशी मृत स्त्रीविषयी सर्वांत आदराने उच्चारले जाणारे वाक्य कोणते? तिने स्वतःसाठी कधी काही मागितले नाही, हेच ना? वाक्य खरे असते, उच्चारणाऱ्याचे डोळेही खरेच ओले असतात. पण त्या वाक्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे: तिने मागितले नाही म्हणून कोणी दिलेही नाही काय?

या सगळ्या कथेतील विलक्षण विरोध आम्हांला येथे दिसतो. एका स्त्रीने एकवीस वर्षे स्वतःला बाजूला ठेवून जी चाचणी जन्मास घातली, ती चाचणी सफल होण्यासाठी प्रत्येक स्त्रीने काही तासांपुरते स्वतःला पुढे ठेवावे लागते. तेथे आत्मविस्मृती कामाची नाही. अँड्रोमाकीबाईंचे अनुकरण करून त्यांचे ऋण फिटणार नाही. त्यांच्या त्यागाचे फळ घेऊन ते फिटेल. आणि ज्या घरात स्त्रीच्या त्यागालाच तेवढे मोल आहे, त्या घरात ते फळ कोणी चाखणार नाही.

म्हणून वाचकहो, हा विषय केवळ स्त्रियांचा नाही. परतफेड ज्याने घेतले त्याने करावयाची असते, आणि घरात घेणारे आपण सारे आहोत. अक्वायनसांच्या तीन पायऱ्या घरगुती भाषेत मांडता येतील. ओळखावे: आपल्या आईचे, पत्नीचे वय काय, तिची ही तपासणी कधी झाली, की झालीच नाही, हे घरातील पुरुषांना ठाऊक असावे. बोलावे: हा विषय कुजबुजीत न ठेवता पतीने पत्नीशी, आईने वयात आलेल्या मुलीशी सरळ शब्दांत बोलावा. मुलींसाठी या विषाणूविरुद्ध लस आहे. पुण्यातील सीरम संस्थेने बनवलेली लस जानेवारी २०२३ पासून उपलब्ध झाली. नऊ ते चौदा या वयात ती सर्वाधिक उपयोगी ठरते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लस घेतली तरी पुढे तपासणी टाळता येत नाही, हेही मुलींना समजावून सांगावे. आणि फेडावे: तपासणीचा दिवस पतीने स्वतः ठरवावा, सोबत जावे, निकाल आणावयासही जावे, कारण निकाल न आणल्यामुळे फुकट गेलेल्या तपासण्याही थोड्या नसतात. धर्मग्रामातील महिला मंडळांनी सहलीसाठी जशी बस ठरवली जाते तशी या कामासाठीही ठरवावी.

ग्रीसमधील त्या गावी एका बापाला वाटले होते की मुलगा निरुपयोगी विद्येच्या मागे लागला. मुलाची विद्या उपयोगी ठरली ती एका स्त्रीने तिला आपले शरीर आणि आपले दिवस दिले म्हणून. तिने परतफेड मागितली नव्हती, आणि तरीही परतफेडीचा मार्ग आज आपल्या हाती आहे. तो अवघडही नाही. घरातील एका स्त्रीला एक सकाळ मोकळी करून द्यावयाची आहे. आणि त्या दिवशी स्वयंपाक कोण करणार, हा प्रश्न घरातील पुरुषांनी आदल्या रात्रीच सोडवून ठेवावयाचा आहे.